नंबरकाकांचा स्टिरिओ

चष्म्याच्या दुकानात शिरणारा माणूस बाहेर कितीही मोठा असो, नंबरकाकांच्या खुर्चीत बसला की लहान होतो. काका त्याच्या नाकावर ती जड, गोल चौकट चढवतात, तिच्यात एकेक काच सरकवतात आणि विचारतात, "पहिली बरी की दुसरी?" झालं! समोर बँकेचा मॅनेजर असो नाहीतर ट्रकचा ड्रायव्हर, त्याची त्रेधातिरपीट उडते. "दुसरी... म्हणजे पहिलीच. थांबा हं, पुन्हा एकदा दाखवा." लग्नाला होकार देताना घेतला नसेल एवढा वेळ लोक या प्रश्नाला घेतात. काका घाई करत नाहीत. त्यांच्या मते, माणसाला स्वतःला काय दिसतं हे ठरवायला वेळ लागणारच.

चष्म्याचा नंबर काढतात म्हणून नंबरकाका. खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण पाटी इतकी जुनी झालीय की ती वाचायलाच चष्मा लागतो.

त्यांना फसवणं अवघड. ड्रायव्हिंग लायसन्ससाठी डोळे तपासून घ्यायला येणारे काही हुशार लोक बाकावर बसल्या बसल्या तक्त्याची शेवटची ओळ पाठ करून टाकतात. काकांना ते बाकावरच्या ओठांच्या हालचालीवरून कळतं. मग खुर्चीत बसवल्यावर ते घरची विचारपूस करत, खिडकी बंद करायला उठल्यासारखं करत, हळूच तक्ता उलटा टांगतात. मागच्या बाजूला वेगळीच अक्षरं. माणूस आपला आधीचीच घडाघडा म्हणून दाखवतो. "पाठांतर छान आहे तुमचं," काका म्हणतात, "आता डोळे तपासू या का?"

तर असे हे डोळ्यांचे जाणकार. पण जीव सगळा कानांत. कॅसेटचा काळ होता तेव्हा सुटलेली टेप पेन्सिलीने गुंडाळण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. सीडी आल्या तेव्हा त्या भिंगं पुसायच्या मऊ कापडाने पुसून ठेवायचे. मग फाइली आल्या. खिशातल्या फोनमध्ये कपाटभर गाणी मावायला लागली म्हणून काका आधी हरखले. पुढे त्यांना कोणीतरी सांगितलं की, गाणी मावावीत म्हणून त्या छोट्या फाइलींमधून काही काही कापून टाकलेलं असतं. त्या दिवशी काकांचं जेवणात लक्ष नव्हतं. इतकी वर्षं आपल्याला कोणीतरी सायीशिवायचं दूध पाजत होतं, असं त्यांना वाटत राहिलं.

तेव्हापासून त्यांनी मोठ्या फाइलींचा ध्यास घेतला. एका गाण्याला जागा लागायची पूर्वीच्या अख्ख्या कॅसेटला लागेल एवढी. पण त्यांत एक कण वगळलेला नसायचा. फ्रेम निवडायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही ते समजावून सांगायचे, "छोटी फाइल म्हणजे नवऱ्याने भरलेली बॅग. हलकी असते, चेन पटकन लागते, आणि मुक्कामाला पोचल्यावर कळतं की टॉवेल राहिला. मोठी फाइल म्हणजे बायकोने भरलेली बॅग. उचलताना कंबर धरते, पण आत सुईदोऱ्यापासून सगळं!"

ही भरगच्च बॅग उघडायची कुठे, हा प्रश्न होता. घराच्या भिंती पातळ. शेजारचे गृहस्थ शिंकले की इकडे काकू "काढा घ्या" म्हणायच्या. मग उरली गाडी. चार दारं बंद, खिडक्या वर, चहूबाजूंना स्पीकर. काकांना वाटलं, गाडी बनवणाऱ्याने चाकं केवळ हौस म्हणून लावली असावीत, खरी तर ही गाणी ऐकायची खोलीच आहे.

पण गाडीतल्या जुन्या स्टिरिओने पेनड्राइव्ह पोटात घेतला, थोडा विचार केला, आणि पडद्यावर लिहून दाखवलं की यात एकही गाणं नाही. पाहुणा दारात उभा असताना त्याच्याच तोंडावर "कोणी आलेलं नाही" म्हणावं, तसला प्रकार. काकांनी मग फोनवरून ब्लूटूथने गाणी लावली. आठवडाभर सुखात गेला. मग कळलं, त्या बिनतारी वाटेवर फोन स्वतःच फाइल पुन्हा कापूनकुपून धाडतो. "म्हणजे," काका घरी येऊन संतापाने म्हणाले, "बायकोने भरलेली बॅग नवऱ्याने रस्त्यात उघडून अर्धी रिकामी केली!"

"काय सांडलं रस्त्यात?" काकूंनी आतून विचारलं.

शेवटी काका स्टिरिओवाल्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक लांबट शेड. तिथे गाड्या दारांची आतली अस्तरं काढून, वायरी लोंबकळत ठेवून उभ्या असायच्या, एखाद्या दवाखान्यात रोगी बसावेत तशा. मिस्त्रीला एकच खोड, गिऱ्हाइकाच्या कुठल्याही बोलण्याला "एकदम बरोबर बोललात" म्हणायचं. काका म्हणाले, मोठ्या फाइली वाचणारा स्टिरिओ हवा. एकदम बरोबर बोललात. दारं थरथरतात. एकदम बरोबर. मग नवा स्टिरिओ बसला, नव्या वायरी ओढल्या गेल्या, दारांच्या पोटात जाड चिकट पत्रे चिकटवले गेले, आणि आरशांच्या कोपऱ्यांत कोटाच्या बटणाएवढे दोन स्पीकर आले, खास वरच्या, बारीक सुरांसाठी. काकांनी पहिलं गाणं लावलं आणि डोळे मिटले. गाडी उभी होती हे नशीब.

आता काकूंविषयी सांगायला हवं. काकू बालवाडीत शिकवतात. दिवसभर त्यांच्या कानाशी पोरांचा कल्ला असतो. लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेल्यापासून घरातलं बोलणं "गॅस बंद केला का" आणि "किल्ली घेतलीत का" एवढ्यावर आलं होतं. पण रोज सकाळी काका त्यांना शाळेत सोडत आणि संध्याकाळी घेऊन येत, तेवढ्या वाटेत दोघं खरं बोलायचे. समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते दोघांनी एकाच रस्त्याकडे बघत असलं की बोलता येतं. लेकीचं लग्न त्या गाडीत ठरलं होतं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं नाही हेही तिथेच ठरलं. एकदा नुसतंच भांडण झालं होतं, तेही फार चांगलं झालं होतं.

नवा स्टिरिओ आला आणि हे सगळं बंद पडलं.

"अहो, मी काय म्हणते, तिच्या नव्या घराला पडदे आपण..."

"श्श! हे ऐक. ही झांज ऐक."

काकू ऐकायच्या. पुढच्या सिग्नलला पुन्हा, "तर पडदे..."

"अगं, आत्ता बासरी येईल!"

एवढंही काकूंनी सोसलं असतं. पण काही महिन्यांनी काकांना वाटायला लागलं की आवाज कोंदतोय. वरचे सूर हवे तसे खुलत नाहीत. त्यांनी आणखी मोठ्या फाइली आणल्या. मग बारीक सूर वाढवणारं ट्रेबलचं बटण जरा वर केलं. मग अजून जरा. काकूंच्या कानांत सुया टोचायला लागल्या. "अहो, दात शिवशिवतात माझे," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "सवय होईल. कापलेलं ऐकायची सवय आहे ना आपल्याला, म्हणून अख्खं टोचतं." ट्रेबल शेवटच्या खुणेपर्यंत गेलं तेव्हा काकूंनी एका सकाळी गाडीचं दार उघडलंच नाही. त्या शाळेतल्या दुसऱ्या बाईंच्या स्कूटरवर मागे बसून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतर रोजच.

काकांनी शेजारच्या सीटवर भिंगांचा खोका ठेवायला सुरुवात केली. एकदा कुत्रं आडवं आलं म्हणून कचकन ब्रेक दाबला, खोका पुढे घसरला, आणि काका त्याला "सांभाळ गं!" म्हणाले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी ऐकलं नव्हतं. पण घरी पोचेपर्यंत त्यांनी स्टिरिओ बंदच ठेवला.

अशात लेक नव्या घरात राहायला गेली. आई-बाबांनी येऊन चार दिवस राहायचं ठरलं. वाट अख्ख्या दिवसाची. काकांनी गाडीत हवा भरून घेतली, काचा पुसल्या, दिवसभर पुरतील एवढी गाणी पेनड्राइव्हवर उतरवली. काकू शांतपणे म्हणाल्या, "मी बसने येते. तुम्ही या गाडीने."

"एकाच घरी जायचंय आपल्याला!"

"म्हणून तर. तिथे भेटूच."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, आई बसने येणार आणि तुम्ही गाडीने? शेजाऱ्यांना मी काय सांगू? की माझे आई-वडील वेगवेगळ्या गावांहून आले?"

"तिलाच विचार."

"तिला विचारलं. ती म्हणाली, तुमच्या गाडीत आता तिच्यासाठी जागा नाही, गाणी बसलीयत."

काकांनी फोन ठेवला. खोका शेजारी घेऊन दिवसभर गाडी चालवायची, हे चित्र त्यांना बघवेना. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. चूक स्पीकरांची आहे! ते बारीक बटणाएवढे स्पीकर निकामी झालेत, म्हणूनच ट्रेबल एवढं चढवावं लागतं. स्पीकर बदलले की ट्रेबल खाली येईल, ट्रेबल खाली आलं की काकू गाडीत बसतील. पण मिस्त्रीला पुरावा दाखवायला हवा. काकांनी शोधाशोध करून एक तपासणीची फाइल उतरवून घेतली. तिच्यात गाणं नव्हतंच. एकच आवाज, खाली घुमण्यापासून सुरू होऊन चढत चढत शिटीइतका बारीक होणारा. तो जिथे बंद पडेल, तिथे स्पीकर मेला.

"पाच मिनिटं चल माझ्याबरोबर," ते काकूंना म्हणाले. "साक्षीदार हवाय."

काकूंनी पर्समध्ये कापूस आहे का ते पाहिलं आणि निघाल्या.

शेडमध्ये मिस्त्री मागच्या सीटवर बसला, काकू पुढे. काकांनी फाइल लावली. आधी दारं घुमली. मग आवाज चढायला लागला, गाईच्या हंबरण्याचं कुत्र्याचं विव्हळणं झालं, विव्हळण्याची शिटी झाली, शिटीची तार झाली, आणि गप्प.

"थांबला!" काका विजयाने म्हणाले. "पाहिलंत? स्पीकर गेलाय!"

त्यांनी वळून पाहिलं. काकूंनी दोन्ही कानांवर तळहात दाबले होते. मिस्त्रीचं तोंड लिंबू चावल्यासारखं झालं होतं.

"अहो, बंद करा ते!" काकू ओरडल्या.

"काय बंद करू? बंदच आहे."

"काका," मिस्त्री म्हणाला, "चालू आहे."

एरवी प्रत्येक गोष्टीला मान डोलावणाऱ्या माणसाने नेमकं आजच नाही म्हणावं! काकांना संशय आला. बसची बाजू घेऊन काकूंनी मिस्त्रीला फोडला असणार. "ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही दोघांनी आपापल्या खिडकीबाहेर बघायचं. एकमेकांकडे बघायचं नाही. आवाज असेल तर बोट वर. नसेल तर खाली."

आवाज अजून वरच ताणलेला होता. काकांनी तळहाताच्या आडोशाने बटण दाबलं. दोन्ही बोटं खाली. पुन्हा दाबलं. दोन्ही वर. काकांनी बटण दाबल्याचं नुसतं नाटक केलं. बोटं जागच्या जागी. भराभर चालू-बंद केलं, बोटं तशीच नाचली. मग आवाज बंद करून ते हवापाण्याच्या गप्पा मारू लागले, शाळा कधी उघडणार म्हणाले, आणि मध्येच हळूच चालू केलं. काकूंचं बोट शाळेची तारीख सांगता सांगता वर गेलं.

हा तर त्यांचा दुकानातला तक्ता उलटा करण्याचा खेळ होता. पाठ केलेला माणूस इथे हमखास सापडतो. त्यांनी तक्ता उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि समोरचे दोघं शेवटच्या ओळीपर्यंत खरंच वाचत होते. वाचता येत नव्हतं ते फक्त तक्ता टांगणाऱ्याला.

काकांनी स्टिरिओ बंद केला. शेडमध्ये कोणीतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं, ते मात्र स्वच्छ ऐकू येत होतं.

"हे तुला रोज असं टोचत होतं?" त्यांनी विचारलं.

"सांगत होते की."

"मला वाटलं, तुला गाण्यातलं कळत नाही."

काकूंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मलाही तसंच वाटायला लागलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग काका," मागून मिस्त्री म्हणाला, "स्पीकर बदलायचे ना?"

त्यावर काकू एवढ्या जोरात हसल्या की काकांनाही हसावं लागलं, पण त्यांचं हसू अर्ध्यावरच थांबलं. परतताना काकू गाडीतून आल्या खऱ्या, पण स्टिरिओ बंदच होता. घरी आल्यावर काकूंनी बससाठी भरून ठेवलेली बॅग दारापाशी तशीच होती.

दोन दिवसांनी काका कान तपासायला गेले. कुणाला न सांगता. कानांच्या डॉक्टरणीने त्यांना एका गुबगुबीत भिंतींच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबा," म्हणाली आणि दार लावलं. आत शांतता. काकांनी वाट पाहिली. काहीच येईना. शेवटी, आवाज येतच असणार आणि आपल्यालाच कळत नसणार, असं समजून त्यांनी अंदाजाने बटण दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. मग लयीत दाबायला लागले.

हेडफोनमधून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "काका, मी अजून सुरूच केलेलं नाही."

घरी आल्यावर त्यांनी काकूंना हे स्वतःहून सांगितलं. वरचे सूर वयाने गेलेत, खालचा-मधला सगळा कान ठीक आहे, यंत्र करून घ्यायचंय आणि ते यायला वेळ आहे, हेही सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. "आणि बटण कसं दाबत होतात, ते पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. काकांनी करून दाखवलं. काकूंनी डोळे पुसले. बसविषयी मात्र दोघंही बोलले नाहीत.

निघायच्या सकाळी काका आधी खाली उतरले. भिंगांचा खोका डिकीत टाकला, शेजारची सीट फडक्याने पुसली, आणि ट्रेबलचं बटण बरोब्बर मध्यावर आणलं. एक गाणं लावून पाहिलं. शेजाऱ्यांच्या घरात लागलंय आणि मध्ये गादी उभी करून ठेवलीय, असं त्यांना ऐकू आलं. त्यांनी बटणाकडे जाणारा हात मागे घेतला.

काकू बॅग घेऊन फाटकाशी आल्या. बसस्टँड डावीकडे, गाडी उजवीकडे. त्या मध्ये उभ्या राहिल्या.

काकांनी दार उघडून धरलं. "हे बटण तुझं. मी हात लावणार नाही."

"आणि मी बोलले तर?"

काका अडखळले. खोटं बोलून काकूंना गाडीत बसवणं त्यांना शक्य होतं, पण पुढे दिवसभराची वाट होती. "सगळ्याच गाण्यांवर?" त्यांनी विचारलं.

"दोन गाणी बोलायची, एक ऐकायचं."

"एक बोलायचं, एक ऐकायचं."

"बस वेळेवर सुटते हं," काकू म्हणाल्या.

"दोन बोलायची," काका म्हणाले.

काकू बसल्या. पहिल्या दोन गाण्यांत पडदे, जावयाची नवी नोकरी आणि शाळेच्या बाईंची स्कूटर यांचा निकाल लागला. गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, गाडीने वेग घेतला. तिसरं गाणं ऐकायचं होतं. दोघं प्रामाणिकपणे गप्प बसले. काका कान देऊन ऐकत होते, आणि जिथे त्यांना काहीच कळेना तिथे काकूंच्या चेहऱ्याकडे हळूच बघत होते.

"वर काय चाललंय?" न राहवून त्यांनी विचारलं.

"तुम्हीच बोललात. नियम मोडला."

"सांग तरी."

काकूंनी बालवाडीत गोष्ट सांगतात तसं बोट वर केलं. "झांज आहे. कुणीतरी बशीवर चमचा हळूच ठेवतंय, अशी. आणि तिच्यामागे ना, एक बारीक शिटी आहे. लांबलचक. किती गोड आहे हो!"

"या गाण्यात शिटी नाही."

"आहे."

"मी हे गाणं लग्नाआधीपासून ऐकतोय."

"कुठल्या कानांनी, ते मी शेडमध्ये पाहिलंय."

काकांनी गाणं थांबवलं. "गेली?"

काकूंनी कान दिला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "नाही हो," त्या म्हणाल्या. "वाजतेय अजून."

काकांनी गाडीचा वेग कमी केला. "आता?"

"जरा खाली आली."

काका मान वळवून एकेक गोष्ट निरखू लागले. अखेर त्यांची नजर काकूंच्या खिडकीवर थांबली. काच वरपर्यंत गेली नव्हती, बोटभर फट राहिली होती. त्यांनी आपल्या बाजूचं बटण दाबलं. काच वर गेली.

"गेली," काकू ओशाळून म्हणाल्या. "एवढी मोठी फाइल, म्हटलं शिटीपण असेल तिच्यात."

"तुझी निदान आत्ता गेली," काका म्हणाले. "माझी तर आलीच नव्हती."